नानांचा कर्णा आणि जावईबापूंची वायर

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साल. थंडी ओसरत आली होती. सकाळच्या चहाच्या वेळी जावईबापूंनी टेबलावर अशी थाप मारली की कपबशा जागच्या जागी नाचल्या.

"नाना, तुम्ही निर्धास्त राहा! रविवारी तुमचा कर्णा शेजारच्या इमारतीला ऐकू येईल. नाही आला तर मी पाणीपुरवठा खात्याचा राजीनामा देईन!"

राजीनामा वगैरे त्यांनी काही दिला नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घ्याल.

नाना म्हणजे जावईबापूंचे सासरे. एकुलत्या एका लेकीकडे राहत. उंचीने बेताचे, छातीने रुंद, आणि गाल असे की लहान मुलांना बोट खुपसून बघावंसं वाटे. हे गाल घडवले होते कागद गिरणीच्या बँडने. नाना गिरणीत लगद्याच्या हौदावर काम करत आणि सुटीच्या दिवशी बँडमध्ये सगळ्यांत मोठं पितळी वाद्य वाजवत. ट्यूबा हे त्याचं खरं नाव, पण गिरणीत सगळे त्याला मोठा कर्णाच म्हणत. अंगाभोवती गुंडाळून घ्यायचा, तोंड आभाळाकडे, आणि आवाज म्हणाल तर विहिरीत पडलेल्या रेड्याने तक्रार करावी तसा!

बँडमधले क्लॅरिनेटवाले हे नानांचे जिवलग मित्र, आणि तितकेच जन्माचे वैरी. त्यांचं एकच म्हणणं, आणि ते त्यांनी तीस वर्षं चारचौघांत चालवलं होतं.

"हा वाजवत नाही हो, नुसते गाल फुगवतो! एकदा ह्याच्या कर्ण्यात चिमणीने घरटं केलं. अंडी घातली, पिल्लं झाली, उडून गेली. ह्याला पत्ता नाही, आणि चिमणीची काही तक्रार नाही!"

लोक हसत. नानाही हसत. पण मनात कुठेतरी किडा वळवळे. कारण खरी गोष्ट अशी की वाजवताना नानांना स्वतःचा आवाज वेगळा असा कधी ऐकूच आला नव्हता. कानात सगळीकडून नुसता घूं घूं कल्लोळ. त्यात आपला घूं कोणता, हे कोण सांगणार? गिरणी बंद पडली, बँड मोडला, कर्णा कुणीतरी भंगारात घातला. किडा तेवढा राहिला.

आणि अचानक टेप सापडली! गिरणीच्या वाढदिवसाला बँड वाजला होता तेव्हा मॅनेजरसाहेबांच्या भावाने तो रेकॉर्ड केला होता. त्याची कॅसेट करून कुणीतरी नानांना पाठवली. नानांनी हात धुतले, धोब्याकडचा शर्ट घातला आणि घरातल्या छोट्या टेपरेकॉर्डरवर ती लावली. क्लॅरिनेट ऐकू आली, लख्ख! ट्रंपेट आली. झांजा आल्या. कुणीतरी खोकलं, तेसुद्धा आलं. कर्णा? कर्णा नाही. नाना कान टेपरेकॉर्डरला चिकटवून बसले. कर्णा नाहीच.

"नसेन मी त्यात," ते म्हणाले, आणि चहा तसाच टाकून उठले.

जावईबापूंना ते फार लागलं. म्हातारा सहसा चहा टाकणारा नव्हता.

"अहो नाना, एवढ्याशा डबीतून कर्णा बाहेर येईल कसा? अर्ध्या इंची नळातून नदी काढायला सांगता! मोठे स्पीकर हवेत, मोठे!"

आणि इथपर्यंत, बरं का, जावईबापूंचं अगदी बरोबर होतं. गावातलं एक कॉफीघर बंद होत होतं. तिथून त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर उचलून आणले. स्पीकर कसले, छोटी कपाटंच ती! आत उंदीर नाहीत ना, हे बघायला बायकोने दोन्हींवर टकटक केलं. राहिली होती फक्त मधली वायर.

"वायर तेवढी टाकली की झालं," जावईबापू म्हणाले. "आणि मी तुमच्या सगळ्या मित्रांना रविवारी दुपारी बोलावून बसलोय. बँडमास्तर, झांजवाले आणि क्लॅरिनेटवाले!"

शेवटचं नाव ऐकून नानांच्या गालांतली हवा गेली. पण नानांचा एक नेम होता. जावयाला तोंडावर कधी काही बोलायचं नाही. जे काय बोलायचं ते लेकीला, जावयाला ऐकू जाईल अशा बेताने.

"लेकी, तुझ्या नवऱ्याला विचार, आधी वायर टाकून मग माणसं बोलवायची पद्धत त्यांच्या खात्यात नाही का?"

"त्यांच्या खात्यात आधी उद्घाटन होतं, नाना," लेक म्हणाली, "मग पाणी येतं."

ही लेक घरात शिवणकाम करायची. बैठकीच्या खोलीत तिचं मशीन, कापडांचे गठ्ठे आणि कपडे मापाला चढवायचा एक बिनडोक्याचा पुतळा.

जावईबापू पाणीपुरवठा खात्यात निरीक्षक होते. त्यांचं सगळं आयुष्य नळ, वॉल्व्ह आणि टाक्यांत गेलं होतं, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना नळातून वाहताना दिसे. वीज वाहते, आवाज वाहतो. मग वायर म्हणजे काय? बारीक नळ! आणि नळ जितका रुंद तितका जोर जास्त. हे ज्ञान घेऊन ते विजेच्या सामानाच्या दुकानात गेले.

"स्पीकरची वायर दाखवा. चांगली जाड!"

दुकानदाराने एक चपटी जोडवायर पुढे टाकली. वरून पारदर्शक प्लास्टिक. आत शेजारीशेजारी दोन तारा, एक तांब्याच्या रंगाची, एक चांदीच्या.

"ही न्या. सगळे हीच नेतात."

"ही? हिच्यातून कर्णा जाणार?"

"काय जाणार?"

"कर्णा हो, कर्णा! एवढा!" जावईबापूंनी हात पसरले. शेजारच्या गिऱ्हाइकाच्या टोपीला लागले.

"साहेब, वायरीतून वाद्य जात नाही. आवाज जातो."

"मग कर्ण्याचा आवाज केवढा असतो ते तुम्ही ऐकलंय का?"

दुकानदाराने ऐकलं नव्हतं. पण आपणही काही कमी नाही, हे दाखवायला तो म्हणाला, "शिवाय ह्या वायरची खासियत आहे, साहेब. चांदीच्या तारेतून बायकांचे आवाज गोड येतात. तांब्याच्या तारेतून पुरुषांचे."

"आणि कर्ण्याचा?"

दुकानदार जोडवायर उलटसुलट करून बघू लागला. जावईबापूंची नजर कोपऱ्यात गेली. तिथे मनगटाएवढ्या काळ्या केबलचं एक वेटोळं पडलं होतं. अजगर जेवून झोपावा तसं.

"ती कसली?"

"ती? ती विहिरीच्या पंपाची."

पंपाची! जावईबापूंचे डोळे असे चमकले की दुकानदाराने हातातली जोडवायर मुकाट्याने फळीवर ठेवली.

केबल घरी आली ती हातगाडीवरून. दार उघडून बायको बघतच राहिली.

"अहो, हे काय? इमारत दुसरीकडे ओढून न्यायची आहे का?"

"तुला नाही कळायचं. हिच्यातून आवाज धो धो वाहणार!"

पण त्या केबलने अनेक वर्षं दुकानाच्या कोपऱ्यात वेटोळं घालून काढली होती आणि तिला तसंच राहायचं होतं. जावईबापूंनी एक टोक दाबून धरलं की दुसरं टोक फणा काढी. दुसऱ्यावर पाय दिला की मधलं पोट वर येई. शेवटी ते पोटावर पालथे पडले, एक टोक दातांत धरलं आणि दुसरं टोक बायकोच्या हातात देऊन म्हणाले, "ओढ!" म्हणजे तसं म्हणायचा त्यांचा बेत होता. पण बोलायला तोंड उघडलं आणि टोक सुटलं. केबल सणसणत आली आणि पुतळ्याच्या कमरेवर बसली. पुतळ्याच्या अंगावर एका गिऱ्हाईक बाईंचा नवा कोट होता. पुतळा गर्रकन फिरला, झुकला, आणि कोटासकट थेट आरामखुर्चीतल्या नानांच्या मांडीवर जाऊन बसला.

नानांनी वर्तमानपत्र बाजूला केलं.

"लेकी, तुझ्या नवऱ्याला विचार, ह्या बाई कोण?"

पुढची अडचण अशी की केबल कोपऱ्यात वळेना. दाराच्या चौकटीला वळसा घालून स्पीकरकडे जायचं होतं. ती वळायच्या ऐवजी अ‍ॅम्प्लिफायरलाच फळीवरून ओढू लागली. जावईबापूंनी क्षणभर डोळे मिटून विचार केला.

"सरळ भिंतीतून नेऊ. पाण्याला सरळ वाट आवडते. मोठं भोक पाडतो."

"अहो, पलीकडे न्हाणीघर आहे! भिंतीत नळ असेल."

"ह्या घराचे नळ कोणी टाकले?"

"तुम्ही."

"मग? डोळे बांधून सांगतो, इथे नळ नाही!"

डोळे बांधले असते तर बरं झालं असतं, निदान पाणी तरी डोळ्यांत गेलं नसतं. ड्रिल भिंतीत शिरलं, आतून 'टिंग' असं काहीसं आलं, आणि पाण्याची एक जाड धार सरळ जावईबापूंच्या चेहऱ्यावर आली. जोर मात्र अप्रतिम होता! आपल्या हाताने टाकलेल्या नळाला एवढा दाब आहे हे पाहून, भिजता भिजता, त्यांना किंचित अभिमानही वाटला असावा.

बायको कोट घेऊन पळाली. नानांनी पुतळ्याला काखेत धरून पाय खुर्चीवर घेतले. जावईबापूंनी भोकावर तळहात दाबला, मग पाठ लावली, मग उशी. मुख्य वॉल्व्ह बंद करायला गेले तर तो गंजून बसलेला. वॉल्व्हची दर वर्षी तपासणी करा, असं पत्रक त्यांनीच गावभर वाटलं होतं! आता खात्याला फोन केल्याशिवाय सुटका नव्हती. पण निरीक्षकाच्या घरात निरीक्षकानेच नळ फोडला, हे सांगायचं कोणत्या तोंडाने? त्यांनी शेजाऱ्यांकडे जाऊन फोन लावला आणि आवाज घोगरा केला.

"हॅलो, मी एक त्रस्त नागरिक बोलतोय. माझ्या घरी नळ फुटला आहे."

"हो साहेब," पलीकडून कारकून म्हणाला. "लगेच पाठवतो माणूस. तुमचा घसा बसलाय का साहेब?"

खात्याचा फिटर आला. त्याने भोकात एक डोळा लावून पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं.

"साहेब, इथे आणखी एक नळ हवाय का?"

"बुजव आणि जा!" साहेब म्हणाले.

भोक बुजलं. पंपाची केबल बायकोने सज्ज्यात दोन खिळ्यांना बांधली आणि त्यावर ओल्या चादरी वाळत घातल्या. पुढे अनेक वर्षं केबलने ते काम चोख केलं. शनिवारी संध्याकाळी जावईबापू पुन्हा दुकानात गेले. दुकानदाराने त्यांचे ओले बूट पाहिले आणि काही न विचारता चपटी जोडवायर मोजून दिली. शहाणा माणूस!

रविवारी सकाळी नाना आंघोळीला गेले तेव्हा नवरा-बायको वायर जोडायला बसले. आता नीट लक्ष द्या, कारण खरी गंमत इथे आहे. प्रत्येक स्पीकरच्या पाठीला दोन स्क्रू होते, डावीकडे तांबडा आणि उजवीकडे काळा. वायरमध्येही दोन तारा. कोणती तार कोणत्या स्क्रूला?

"डाव्या स्पीकरला तांब्याची तार तांबड्या स्क्रूला," जावईबापूंनी पहिली जोडणी केली. ही बरोबर होती. मग ते उजव्या स्पीकरकडे वळले आणि हात हवेत थांबला.

"आता इथे उलटं."

"उलटं का?"

"असं बघ. दोन न्हाणीघरं भिंतीला भिंत लावून बांधली की नळ कसे टाकतो आम्ही? आरशात बघितल्यासारखे! ह्याचा गरम नळ डावीकडे, तर त्याचा उजवीकडे. हा डावा स्पीकर, तो उजवा. ह्याची तांब्याची तार डाव्या स्क्रूला, तर त्याची उजव्या."

"पण उजवा स्क्रू तर काळा आहे. ह्याला रंग कशाला दिलेत मग?"

"शोभेला! तांबडा म्हणजे गरम पाणी हे समजू शकतो. पण काळा? काळा रंग आमच्यात फक्त सांडपाण्याला!"

बायकोने क्षणभर विचार केला. तिने अडवलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण तीही पडली शिवणारी!

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "बाह्यांचंही तसंच. डावी जशी कापली तशीच उजवी कापली तर कोट अंगात जायचा नाही. एक सुलट, एक उलट."

"बघ! तुलासुद्धा कळलं!"

आणि दोघांनी मिळून, अगदी एकमताने, उजवा स्पीकर उलटा जोडला. लग्नानंतर इतकं एकमत त्यांचं पहिल्यांदाच झालं असेल.

रेडिओ लावून पाहिला. बातम्या देणारी बाई बोलू लागली. खणखणीत! फक्त ती नेमकी कुठून बोलते हे कळेना. कधी वाटे छतातून, कधी वाटे मागच्या भिंतीतून, तर कधी वाटे आपल्याच डोक्यातून.

"हे असं पसरल्यासारखं काय येतंय?" बायकोने विचारलं.

"ह्यालाच स्टिरिओ म्हणतात!" जावईबापू म्हणाले.

दुपारी पाहुणे आले. आधी बँडमास्तर. फार म्हातारे, ताठ, आणि एका कानाने पूर्ण बहिरे. मग झांजवाले, ते आयुष्यभर झांजा वाजवून इतके दमले होते की दारसुद्धा हळू लावत. आणि शेवटी क्लॅरिनेटवाले, लांब, बारीक, क्लॅरिनेटलाच कोट घातल्यासारखे.

"काय रे," त्यांनी आल्या आल्या नानांचे दोन्ही गाल चिमटीत धरले. "हवा भरलीस का? आज तुझा निकाल आहे!"

"ऐकशील तेव्हा कळेल तुला," नाना म्हणाले. पण त्यांचा हात खुर्चीचा दांडा घट्ट धरून होता. जावईबापूंनी तो पाहिला.

दोन स्पीकर दोन कोपऱ्यांत, आणि बरोबर मधोमध नानांची खुर्ची, मानाची जागा. पाहुणे तिच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीने बसले. जावईबापूंनी घसा साफ केला, आपण ह्या कामी किती कष्ट घेतले ते थोडक्यात सांगितलं, नळाचा भाग वगळला, आणि कॅसेट लावली.

बँड सुरू झाला. आणि काय सांगू, खोलीत जणू सकाळ झाली! क्लॅरिनेट नाचत आली. ट्रंपेट आली. झांजवाल्यांच्या झांजा अशा कडकडल्या की ते स्वतःच दचकले. सगळ्यांचे चेहरे तीस वर्षांनी लहान झाले. नानांनी डोळे मिटले आणि वाट पाहू लागले.

गाणं अर्ध्यावर आलं. संपत आलं. संपलं.

कर्णा नाही! एवढे कपाटाएवढे स्पीकर, आणि कर्णा त्या डबीतल्यासारखाच गायब!

"अरेच्चा!" क्लॅरिनेटवाल्यांनी मांडीवर हात मारला. "सगळे आले, हा कुठाय? मी सांगत होतो की नाही? गाल, नुसते गाल! चिमणी खरं बोलत होती!"

झांजवाले हसले. जावईबापूंनी आवाज वाढवून पुन्हा लावलं. क्लॅरिनेट कान टोचू लागली, कर्णा नाहीच. दुसऱ्यांदा मात्र कुणी हसलं नाही. कारण नाना उठले होते. खुर्ची हलकेच मागे सरकवली आणि लेकीला म्हणाले, "खरंच नव्हतो गं मी. मला आपलं वाटायचं, वाजवतोय." ते आत पाणी प्यायला निघाले. चालणं असं, की सगळी हवा कुणी काढून घेतलीय.

क्लॅरिनेटवाल्यांचा चेहरा पडला. "अरे बस रे! थट्टा केली. तीस वर्षं करतोय. आजच काय झालं तुला?"

नाना थांबले नाहीत. जावईबापू अ‍ॅम्प्लिफायरचं बटण पिरगळत उभे होते आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आपण म्हाताऱ्याला सुख द्यायला गेलो, आणि भर सभेत त्याचा तीस वर्षांचा संशय खरा करून दाखवला!

ह्या सगळ्या गडबडीत बँडमास्तरांना धड काहीच ऐकू आलं नव्हतं. टेप अजून वाजतच होती. ते कुरकुरत उठले, डाव्या कोपऱ्यात गेले आणि चांगला कान स्पीकरच्या जाळीला टेकवला. दोन क्षण गेले. मग त्यांनी छडी धरल्यासारखं बोट वर केलं.

"हा काय! हा बघा! इथे आहे हा!"

"कोण?"

"कोण म्हणजे? कर्णा! भॉं भॉं करतोय मेला!"

क्लॅरिनेटवाले धावले. त्यांनी कान लावला. "आहे! अरे खरंच आहे!" झांजवाले उजव्या कोपऱ्यात धावले. "इथेही आहे!" सगळे मध्ये आले. "इथे नाही!" पुन्हा कोपऱ्यांत गेले. "इथे आहे!" तीन म्हातारे त्या खोलीत खोखो खेळल्यासारखे पळत होते. नाना आतल्या दारात पाण्याचा पेला घेऊन उभे.

"दोन्हीकडे आहे आणि मध्ये नाही," बँडमास्तर म्हणाले. "असं कसं? हा काय भुतासारखा कोपऱ्यांत वाजवायचा?"

जावईबापू जागच्या जागी गोठले. दोन्हीकडे आहे आणि मध्ये नाही. हे त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. कुठे बरं? आणि एकदम आठवलं. जुन्या टाकीवर एका कंत्राटदाराने दोन पंप बसवले होते, त्यातला एक उलटा. दोन्ही मोटरी जिवाच्या आकांताने घुरघुरत होत्या. एक पाणी ढकलायची, दुसरी तेच ओढून घ्यायची, आणि मधला नळ कोरडा ठणठणीत! त्या कंत्राटदाराला त्यांनी असं झापलं होतं, असं झापलं होतं...

इथेही एक स्पीकर ढकलत होता, दुसरा ओढत होता; बारीक आवाज कसेबसे निसटत होते, पण कर्ण्यासारखा जाड आवाज मधल्या मध्ये जिरत होता. त्यांनी हळूच बायकोकडे पाहिलं. तिने उजव्या स्पीकरकडे पाहिलं. मग दोघांनी छताकडे पाहिलं.

"लाइनमध्ये थोडी हवा अडकलीय," जावईबापूंनी सभेला सांगितलं. "मिनिटात काढतो."

स्पीकर फिरवला, दोन तारांची अदलाबदल केली, आणि जाताना बायकोच्या कानात पुटपुटले, "तुझ्या बाह्यांमुळे झालं."

"माझ्या बाह्या? आणि तुमची न्हाणीघरं?"

"नाना, या. बसा," जावईबापू मोठ्याने म्हणाले. "मध्येच बसा."

कॅसेट पुन्हा लागली. पहिला ठेका पडला, आणि जमीन हलली! कपाटातल्या काचा किणकिणल्या, पुतळा जागच्या जागी थरथरला, आणि क्लॅरिनेटच्या, ट्रंपेटच्या, सगळ्यांच्या खालून, पृथ्वीच्या पोटातून यावा तसा आला: भॉं! भॉं! भॉं!

"मी!" नाना ओरडले. "तो मी! तो मीच!"

नाना हसत होते, आणि डोळ्यांतलं पाणी गालांवरून वळसा घेत घेत खाली येत होतं. वाट लांबची होती. सगळे ऐकत राहिले. एका कडव्यापर्यंत तरी.

मग क्लॅरिनेटवाल्यांच्या कपाळाला एक आठी पडली. मग दुसरी. झांजवाले बोटांवर ताल मोजू लागले आणि मध्येच विसरले. गाणं शेवटाला आलं, झांजा आपटल्या, बँड थांबला. आणि त्या शांततेत एकटा कर्णा पुढे चालत राहिला. भॉं. भॉं. भॉं भॉं. भॉं!

मग टाळ्या. मग टेप संपली.

शेवटी क्लॅरिनेटवाल्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला.

"माफ कर मित्रा. तीस वर्षं चुकलो मी. तू वाजवत होतास. अगदी जीव तोडून वाजवत होतास." त्यांनी दम घेतला. "पण कुठलं गाणं?"

"हेच की!"

"हे तर आम्ही वाजवत होतो!"

बँडमास्तर खुर्चीतून गरजले, "मला तेव्हापासून माहीत आहे! म्हणून तर मी ह्याला शेवटच्या रांगेच्याही मागे उभा करायचो!"

नाना त्यांच्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही. उलट असा उजेड की बघत राहावं.

"म्हणजे मास्तर, मी तुम्हाला ऐकू येत होतो?"

"ऐकू? अरे, रात्री स्वप्नातसुद्धा यायचास!"

"बस्स," नाना म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकले. "लेकी, चहा टाक. सगळ्यांना. आणि तुझ्या नवऱ्याला सांग..." इथे ते थांबले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ जावयाकडे बघून म्हणाले, "जावईबापू, पुन्हा लावा!"

त्या दुपारी ती टेप किती वेळा लागली कोण जाणे. शेवटी शेवटी शेजारच्या इमारतीतून खरोखरच माणूस आला, विचारायला, की हे कधी थांबणार.

आता कोणाचं काय झालं ते सांगते. बँडमास्तर नव्वदी पार करून गेले, शेवटपर्यंत ताठ. झांजवाल्यांनी नातवंडांच्या हट्टापायी घरात झांजा आणल्या आणि शेजाऱ्यांच्या हट्टापायी देऊन टाकल्या. जावईबापू मुख्य निरीक्षक झाले. त्या उलट्या पंपाच्या कंत्राटदाराशी मात्र ते पुढे फार सौम्यपणे वागू लागले, असं खात्यातले लोक सांगत. बायकोने मोठं शिवणघर काढलं, हाताखाली बायका ठेवल्या. ती आता आजी झाली आहे, आणि विषय निघाला की न्हाणीघरांचंच चुकलं असं म्हणते.

नाना आणखी बरीच वर्षं जगले, सुखाने. रोज संध्याकाळी टेप लावत आणि आपल्या जागी गाल फुगवत. ते गेल्यानंतर थोड्या दिवसांनी क्लॅरिनेटवाले काठी टेकत आले आणि लेकीला म्हणाले, "ती टेप दे. चार दिवस ऐकतो आणि परत देतो." तिने टेपच काय, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरसुद्धा त्यांच्या घरी पोचवले.

चार दिवसांनी ते स्वतः टेप परत द्यायला आले. डोळे लाल होते, पण आवाज चढलेला.

"पुन्हा पुन्हा ऐकली! सारखा तोच! भॉं भॉं भॉं! माझी क्लॅरिनेट कुठे ऐकूच येत नाही! तुझ्या बापाने अख्खा बँड झाकून टाकला!"

जावईबापू खुर्चीतून उठले. "काका, वायरचं काहीतरी असणार. चला, मी येऊन बघतो."

बायकोने त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं.